पाद्रीबाबांचा खरा वारस

स्वतःचं ठरत आलेलं लग्न स्वतःच्याच पेनाने मोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर चहा घेता घेता नीट पाहून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय!

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी जालन्यात इतिहासाचा मास्तर. वय तिशीला टेकलेलं, आणि डोक्यात खूळ एकच, आमच्या पाद्रीबाबांचा वंशवृक्ष काढायचा.

पाद्रीबाबा म्हणजे दावीद घनवट. निजामाच्या काळात सरहद्दीवरच्या गावांतून तट्टावर बसून शुभवर्तमान सांगत फिरलेला माणूस. आज मोगलाईत, उद्या इंग्रजी हद्दीत. दोन्हीकडचे शिपाई त्यांना हेर समजायचे म्हणे! आम्हीही घनवटच. तेव्हा ते माझे पणजोबा, यात मला तिळमात्र शंका नव्हती. वडील लवकर गेले, विचारायचं कोणाला? आणि इतिहासाच्या मास्तराने विचारायचं तरी कशाला?

रविवारची उपासना आटोपली की मी एसटीने एखादं गाव गाठायचो. घनवट भेटला की घातला झाडावर! शाळेतल्या फाटक्या नकाशाच्या पाठीमागे झाड नुसतं फोफावलं.

अशात आष्टीहून स्थळ आलं. मुलगी रूथ, शाळेत शिक्षिका, हसरी आणि बोलकी. खरं सांगतो, तिला पाहिलं आणि मी दोन दिवस वंशवृक्ष विसरलो. तिचाही होकार आला. दुसऱ्या बैठकीत फक्त तारीख धरायची होती. गप्प बसून पोहे खायचे, एवढंच काम! पण सासुरवाडीच्या मंडळींवर छाप नको का पडायला? मी नकाशा सोबत नेला.

सतरंजीवर झाड पसरलं. रूथच्या आई वाकून बघायला लागल्या.

"अगं बाई! माझं माहेर बी घनवटाचंच की!"

इथे शहाण्या माणसाने विषय बदलला असता. मी पेनचं टोपण काढलं.

"माहेर कुठलं?"

"पिंपळगाव रेणुकाईचं. आज्याचं नाव शमुवेल."

"सापडले!" मी ओरडलोच. "हे बघा, पाद्रीबाबांचा धाकटा मुलगा! तुमचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ!"

रूथच्या आईंना फांदीवर बसवलं आणि त्यांच्या खाली मोठ्या झोकात 'रूथ' लिहिलं. रूथच्या वडिलांनी त्या फांदीवर बोट ठेवलं.

"मास्तर, हे बराबर लिव्हलंय ना?"

"बिलकुल बराबर!"

"मंग तुम्ही हिचे भाऊ लागता. म्हंजे पोरीचे मामा."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तसं नातं जरा लांबचं आहे..." मी पुटपुटलो.

"लांबचं कसं? तुम्हीच तर सख्खे भाऊ म्हनले. पक्क्या शाईनं लिव्हलं बी."

रूथच्या आईंनी डोळ्यांना पदर लावला. "मला भाऊ न्हवता हो. देवानं घरबसल्या धाडला!"

तिथून मी तडक पिंपळगाव गाठलं. तिथे आमचे एक थकलेले चुलते राहायचे. त्यांच्यापुढे झाड धरलं आणि म्हणालो, "काका, एखादी तरी फांदी चुकली असेल. बघा ना!"

काकांना हसू आवरेना.

"फांदी? अरे, इथं खोडच न्हाई! पाद्रीबाबांनी लग्नच न्हवतं केलं. त्यांच्या शाळेत पोरं घातली तव्हा आडनाव इचारलं. आपल्यात कोण आडनाव लावत व्हतं? बाबा म्हनले, माझंच लावा. सगळी आळी घनवट झाली!"

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कव्हा? मागं आल्तास तव्हा नावं लिहून तसाच गेल्तास."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आष्टीत. दारातूनच ओरडलो, "आपलं काहीएक नातं नाही!"

"असं कसं?" रूथच्या आई म्हणाल्या. "कालपासून सगळ्या आष्टीत सांगून राह्यले, भाऊ सापडला म्हणून. आता त्यालाच जावई करू? लोक तोंडात शेण घालतील!"

मी रूथकडे पाहिलं. तिने कप पुढे केला. "मामा, चहा घ्या." तिला हसू येत होतं. मला रडू येत होतं, आजही सांगताना थोडं येतंच.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नात मामाची साडी मीच नेली. माझं मात्र नंतर कुठेच जमलं नाही. तो नकाशा अजून घरी आहे. त्यावरचं सगळं झाड मी खोडून टाकलं, फक्त दोन नावं ठेवली, पाद्रीबाबांचं आणि माझं. ते जन्मभर बिनलग्नाचे राहिले आणि त्यांचा हा एवढा एकच गुण सगळ्या घनवटांत माझ्यातच उतरलाय!