सूर्यवादळाच्या दिवशी ठोकलेली खुंटी

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. ग्रुपवर कुणी अमावास्येचं काही टाकलं की खाली दात काढणारी पहिली मीच! मी सर्वेअर आहे, संभाजीनगरला सिडकोत राहते, आणि माझी भाकरी सेंटिमीटरवर चालते. त्यामुळे हे लिहायला मलाच अवघड जातंय...

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. कन्नडच्या अलीकडे एका वस्तीजवळ नव्या रस्त्याची आखणी चालू होती. सोबत सलीमभाई, वीस वर्षं रोव्हर धरलेला माणूस. रोव्हर म्हणजे दोन मीटरच्या काठीवर बसवलेली अँटेना. उपग्रहांचे सिग्नल नीट जुळले की स्क्रीनवर 'फिक्स' येतं, मग जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की. नाही जुळले तर 'फ्लोट', म्हणजे मशीन अंदाजपंचे बोलतंय.

त्या दिवशी सकाळपासून फ्लोट. आपण एका जागी उभं आणि स्क्रीनवरचा ठिपका पाच-पाच मीटर भटकतोय. "मॅडम, आज मशीन का दिमाग ठिकाने पे नै," सलीमभाई म्हणाले. ऑफिसला फोन केला तेव्हा कळलं, सूर्यावरून मोठा झोत आलाय आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ आहे. त्यानं आयनोस्फिअर, म्हणजे वरचा विद्युतभारित कणांचा थर, ढवळून निघतो. त्यातून येणारा उपग्रहाचा सिग्नल कधी रेंगाळतो, कधी तुटतो. इथं खाली मात्र पानसुद्धा हलत नव्हतं. आज काम बंद ठेवा, असं ऑफिसनं सांगितलं.

गाडी यायला वेळ होता. आणि शेवंताआजी आलेली होती. ती रोजच यायची. धनगराची बाई, सत्तरी ओलांडलेली. चार दिवस आमच्या खुंट्यांमागे फिरत होती. तरुणपणी मेंढरं घेऊन ह्याच रानातून जाताना तिची सहा महिन्यांची मुलगी तापानं गेली होती. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वर धोंडा ठेवला होता, पण पुढे शेतं झाली आणि कुणीतरी धोंडे वेचून बांधावर टाकले. आता ह्या पट्ट्यात जेसीबी लागणार होता, आणि जागा नेमकी कुठली ते तिला आठवेना.

"मुरूम लई कठीण होता, माय," ती मला म्हणाली होती. "कळप पुढं गेलता. माझ्या मालकानं दीडच हात खणलं. मशीन लागलं की वर यील ती."

तुझ्या काठीला जमिनीतलं कळतं का, असंही तिनं विचारलं होतं. मी तुटकपणे 'नाही' म्हटलं होतं. त्याची आज लाज वाटते.

त्या दुपारी मात्र, वेळ जात नव्हता म्हणा किंवा तिची कीव आली म्हणा, मी चालू रोव्हर घेऊन तिच्याबरोबर निघाले. तुरीच्या कापलेल्या शेतातून, बांधाच्या कडेनं. फ्लोट, फ्लोट, फ्लोट... आणि एका जागी मशीन वाजलं. फिक्स. मी एक पाऊल बाजूला झाले, फ्लोट. परत आले, फिक्स. सलीमभाईंना काठी दिली, त्यांचंही तेच. ते चपला काढून बाजूला उभे राहिले.

मी पॉइंट सेव्ह केला आणि खुंटी ठोकली. अशा दिवशी पॉइंट घेऊच नये हा आमचा पहिला नियम. आजी खुंटीशेजारी बसली आणि जमिनीवर तळवा ठेवून राहिली, गाडी येईपर्यंत. इंजिनिअरला मी सांगितलं की इथं समाधी आहे. थोडी कटकट करून त्यानं लाइन बाजूला घेतली.

वादळ निवल्यावर आम्ही सगळं पुन्हा मोजलं. त्या दिवशी ऑफिसला फोन करण्याआधी घेतलेले बाकीचे पॉइंट चार-सहा मीटरनं चुकलेले. खुंटीचा तेवढा सेंटिमीटरला बरोबर! फक्त त्याची उंची चुकली होती. काठीचं टोक जमिनीवर होतं हे मी शपथेवर सांगते, पण फाइलमध्ये तो पॉइंट जमिनीच्या अडुसष्ट सेंटिमीटर खाली होता. मी टेप काढला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात पंचेचाळीस सेंटिमीटर भरला. त्याच्या दीडपट किती होतात ते तुम्हीच करून बघा.

आजीला सांगावं की नाही, कळेना. शेवटी वस्तीवर तिच्या घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिनं एवढंच विचारलं, "इतकी वर्सं नांगर फिरला, पाणी वाहिलं... उघडी नाय ना पडली?"

"नाही आजी. अजून दीड हात आहे."

तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठली.

आमच्या सीनियरनी फाइल दोनदा पाहिली. वादळात काहीही येऊ शकतं, योगायोग असेल, म्हणाले. असेलही. उंची तेवढी दुरुस्त करून टाक, असंही ते म्हणाले होते.

ती दुरुस्ती मी अजून केलेली नाही.