पंख्याची घरघर

खंडेनवमीच्या पूजेसाठी मी कॉम्प्युटर उघडला आणि प्रोसेसरवरच्या पंख्याची धूळ ब्रशने झाडू लागलो. मुलगी, मुक्ता, म्हणाली, "बाबा, किती घरघरतो हा! काढून टाका. पाण्याचा कूलर बसवू. पाणी नळीतून फिरतं, उष्णता घेऊन जातं. फारसा आवाजच नाही."

"आणि बिघडला तर?"

"पंखा बिघडला की खडखडतो, लगेच कळतं. यातला पंप मात्र गुपचूप बंद पडू शकतो. मशीन तापून बंद पडलं, की मग कळतं."

शेजारी बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. फरशीवर सांडलेली ही धूळ पाहून पूर्वी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. अलीकडे ती कशावरूनच चिडत नाही. वहिनी किती शांत झाल्या, असं सगळे म्हणतात. मलाही ते बरंच वाटत होतं. आज मात्र ब्रश हातातच राहिला. इतकी वर्षं तिच्या आत जे तापायचं, ते आता कुठे जात असेल?

"मग काय ठरलं?" मुक्ताने विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. "तुला काय वाटतं? पंखाच राहू दे का?"

तिने कॅबिनेटवर झेंडूचं फूल ठेवलं.

"तुम्ही म्हणाल तसं."