गौरी जेवणाच्या दिवशीची सही

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी मला माझंच वाक्य ऐकू येतं. "बाई, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." पोलीस ठाण्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोललं जातं. ते खोटं नसतं, पण बोलणाऱ्याच्या फार सोयीचं असतं. त्या दिवशी ते मी बोललो होतो, आणि त्यात एका बाईचे चार दिवस गेले.

मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा निरीक्षक होतो. समोर बसलेल्या बाई पंचावन्नच्या आसपासच्या, विधवा. जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर त्यांची भाड्याची खोली होती आणि तिथेच त्या पोळी-भाजी केंद्र चालवत. इमारत महापालिकेने धोकादायक ठरवली होती. अशा भाडेकरूंवर बेघर व्हायची वेळ येऊ नये म्हणून त्या प्रभागात सरकारी अनुदानातून एक साहाय्य केंद्र चालू होतं. नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडच्या खोलीचं भाडं केंद्राने द्यायचं, वकीलही मिळवून द्यायचा, आणि नव्या इमारतीत भाडेकरूचा हक्क कायम राहायचा. त्यासाठी प्रभाग कार्यालयाच्या अंतिम यादीत नाव हवं. बाईंचं नाव कच्च्या यादीतूनच गायब होतं. कारण त्यांनी खोलीचा ताबा स्वखुशीने मालकाला सोडल्याचा नोटरी केलेला कागद तिथे दाखल झाला होता.

"साहेब, मी असं काही लिहून दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. कागदाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत होती. मी हवालदाराला त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं, स्टेशन डायरीत 'दिवाणी बाब, समज दिली' अशी नोंद केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

चौथ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर एका बाईचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हती. "त्या पोळीवाल्या काकूंची केस सोडू नका. केंद्रातल्या फॉर्मचं शेवटचं पान बघा. ते कोरंच असतं." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती केंद्रात झाडलोट करणारी मावशी होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ती गप्प राहिली असती तर मीही गप्पच राहिलो असतो.

यादी अंतिम व्हायला आठ दिवस उरले होते. मी बाईंना बोलावून घेतलं आणि या वेळी कागद हातात घेतला. खाली सही होती, आणि ती त्यांचीच होती.

"सही माझी आहे, नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती केंद्राच्या फॉर्मवर केलेली. भाऊ म्हणाले, शेवटच्या पानावर सही करून ठेवा, वरचं आम्ही टाईप करतो, तुम्हाला परत फेरी नको."

भाऊ म्हणजे केंद्राचा समन्वयक. चाळिशीतला, मऊ बोलणारा, वस्तीतल्या प्रत्येक बाईला ताई म्हणणारा. त्याच्यावर कोणी संशय घेतला नसता. मी प्रभाग कार्यालयातून सगळे कागद मागवले. एकाच इमारतीतल्या सात भाडेकरू बायकांनी एकाच दिवशी ताबा सोडला होता, आणि सातही कागद ठाणे शहरात, नौपाड्यातल्या एकाच नोटरीकडे झाले होते. नोटरी म्हणाला, सगळ्या समोर हजर होत्या. नोंदवहीत दुपारी बारा ते दोन अशी वेळ होती. खरी अडचण सहीचीच होती. हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवली असती तर त्यानेही सही बाईंचीच म्हणून सांगितलं असतं, आणि आम्हीच आमच्या हाताने मालकाची बाजू भक्कम केली असती.

दोन दिवस मी त्या कागदांपुढे डोकं धरून बसलो. वरिष्ठ म्हणाले, "कोर्ट बघून घेईल, सोड." माझं डोकं तापलं होतं, पण ते माझ्या स्वतःवरच. शेवटी आमच्या महिला हवालदाराने माझ्या टेबलावरचा कागद उचलला, तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली.

"साहेब, बोलू का? ह्या दिवशी गौरी जेवलेल्या."

"बरं, मग?"

"मग काय साहेब? गौरी जेवायच्या दिवशी, भर दुपारी, सात बायका घरचा नैवेद्य टाकून डोंबिवलीहून ठाण्याला नोटरीकडे गेल्या? आणि पोळीवाली बाई? तिला त्या दिवशी चुलीपुढनं उठायला तरी मिळतं का?"

माझ्या घरी तीस वर्षं गौरी बसतात. त्या दिवशी बायको मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरसुद्धा उभं राहू देत नाही. तरी मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त तारीख वाचली होती.

मग मात्र आम्ही थांबलो नाही. बाईंच्या मोबाइलमध्ये त्या दिवशीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी होत्या. घरोघरी जाऊन जबाब घेतले. बारा ते दोनच्या दरम्यान बाईंच्या हातून गरम पोळ्या नेलेली नऊ माणसं मिळाली. बाकीच्या सहांपैकी चौघींच्या घरी गौरी होत्या आणि पंगतीला पाहुणे होते. उरलेल्या दोघी बाईंच्याच मदतीला पुरण वाटत बसल्या होत्या. सातही फोनचं लोकेशन डोंबिवलीतलंच निघालं.

भाऊला चौकशीला बोलावलं तेव्हा मी आवाज चढवला नाही. चहा मागवला.

"तुमच्याकडे गौरी असतात?"

"असतात ना साहेब. उभ्याच्या. आजोबांपासून."

"यंदा पाहुणे किती होते?"

तो खुलला. पंचवीस पानं उठली, बायकोला चारपर्यंत जेवायला मिळालं नाही, वगैरे सांगत राहिला.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"मी जरा... ऑफिसचं काम होतं."

"त्या दिवशी केंद्रात कोण येतं?"

"कोणीच नाही साहेब, सगळ्या बायका घरात..." एवढं बोलून तो थांबला. मी नोटरीच्या नोंदवहीची प्रत त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती तारीख वाचली आणि चहाचा कप बाजूला सारला.

मग सगळं बाहेर आलं. मालकाच्या दलालाने त्याला गाठलं होतं. कोऱ्या पानांवर मजकूर टाईप करायला निवांत दिवस हवा होता, ज्या दिवशी केंद्रात एकही बाई फिरकणार नाही असा. म्हणून त्यानेच गौरी जेवणाचा दिवस निवडला. कागद घेऊन दलाल आणि तो दुपारी नौपाड्यात गेले, आणि नोटरीने समोर एकही बाई नसताना शिक्के मारले. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. भाऊ, दलाल आणि मालक या तिघांना अटक झाली, नोटरीवरही कारवाई झाली. आमचा अहवाल प्रभाग कार्यालयात पोहोचला तेव्हा यादीला एक दिवस उरला होता. सातही नावं यादीत परत आली.

पुढे एका बैठकीला मला बोलावलं होतं. तिथे एक अधिकारी म्हणाले, गैरप्रकार झालाच आहे, तर केंद्र बंद करून अनुदान परत पाठवू. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, देवळात चोरी झाली तर आपण चोर पकडतो, देऊळ पाडत नाही. त्या सात बायका आज रस्त्यावर नाहीत त्या याच अनुदानामुळे. माणूस बदला, कोऱ्या पानावर सही घेणं बंद करा, पण दार बंद करू नका. केंद्र चालू राहिलं.

केंद्राने भाडं भरलेल्या दोन गल्ल्या पलीकडच्या खोलीत बाईंची चूल पुन्हा पेटली. जबाबावर सही करायला त्या आल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली. पहिल्या दिवशी परत पाठवलं, चुकलं माझं, असं सरळ म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही हाकललं नाहीत साहेब. पाणीसुद्धा दिलंत. फक्त कागद बघितला नाहीत."

एवढं बोलून त्यांनी जबाब हातात घेतला, शेवटचं पान उलटून ते कोरं नाही याची खात्री केली, आणि मगच सही केली. निवृत्त होईपर्यंत मीही टेबलावर आलेला प्रत्येक कागद शेवटच्या पानापासून वाचत राहिलो.