काळी शीर

अनसिंगच्या बसमध्ये शेजारचा माणूस मांडीवरचा दगड तान्ह्या बाळासारखा रुमालानं पुसत होता. दगडात काचेसारखी काळी शीर होती.

“सोनं हाय काय?” मी विचारलं.

“नाही काका. भूकंपात दोन खडक झटक्यात घासले, वितळले, लगेच गोठले. आता तिथंच घट्ट जुळलेत.”

मी पुतणीच्या साखरपुड्याला निघालो होतो. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिच्या बापाशी, माझ्या धाकट्या भावाशी अबोला, निरोपही बायकांमार्फत.

“आमी भाऊ तं दहा वर्सं घासून राह्यलो. वितळलो कुठं?”

“हळूहळू घासलं की नुसती भुकटी पडते, काका.”

मांडवात शिरताच मी धाकट्याला धुऱ्यासकट सगळं सुनावलं. त्यानं दुप्पट सुनावलं. पाहुणे चपला शोधू लागले. शेवटी धापा टाकत तो म्हणाला, “दादा, काही खाल्लं काय?”

थेट मला. बायको मध्ये नव्हती.