भास्करभाऊंचा एकतिसावा नमुना

भास्करभाऊ चौधरींची पहिली ओळख माझ्या तोंडाशी झाली नाही, माझ्या कोपराशी झाली. कामावर रुजू व्हायच्या दिवशी मी हात पुढे केला, तर त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन उलटा केला, बाही वर सारली आणि कोपराच्या खळग्यात अंगठा फिरवत म्हणाले, "शीर चांगली आहे. थोडी लाजते, पण मिळून जाईल." मग वर बघून नाव विचारलं. बुऱ्हाणपुरात ते राहत त्या बुधवारा मोहल्ल्यात त्यांची ही खोड सगळ्यांना ठाऊक. पंगतीत वाढप्याने जिलबी पुढे केली की भाऊ जिलबीकडे बघत नसत, वाढप्याच्या हाताकडे बघत. त्यांच्या लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही नजर आधी नवरीच्या मनगटावर गेली, असं वहिनी स्वतः सांगतात. वहिनी माझ्यासारख्या नाहीत, त्या खरं बोलतात.

भाऊंचा हात काय वर्णावा! खकनारच्या बाजारात एका पहिलवानाने डोळे गच्च मिटून विचारलं, "सुई कधी टोचणार?" तोवर त्याच्या रक्ताची नळी भरून, चिठ्ठी लागून, बर्फाच्या पेटीत गार होऊन बसली होती. भाऊंच्या घरचे डास माणसांना चावायला नाही, शिकवणीला येत. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निदान एक डास तरी.

आमचं काम लोकांच्या पचनी पडायला अवघड होतं. गोचीड, पिसवा, गवतातले डोळ्याला न दिसणारे किडे यांच्या चावण्यातून काही ताप येतात. ते किती लोकांना नकळत होऊन गेले, हे रक्त तपासून शोधायचं. त्यासाठी आजारी माणूस नको होता. चिठ्ठ्या टाकून नावं काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्याचंच रक्त घ्यायचं, मग तो दगडासारखा ठणठणीत का असेना. लोक म्हणत, दुखत नाही, खुपत नाही, तर रक्त कशाला? भाऊ उकिडवे बसून समजावत, "ताप तर निघून जातो, पण त्याची निशाणी रक्तात बसून राहते. आपल्याला बस ती निशाणी पाहायची आहे."

माझं काम प्रश्न विचारून फॉर्म भरायचं. हातात सदा पेन, म्हणून भाऊ मला मास्तर म्हणत. गोठा आहे का, गोचीड हाताने काढता का, गवत कापायला कोण जातं, असे प्रश्न. दापोऱ्यात एक आजोबा म्हणाले, आमच्या म्हशीला गोचीड? शेजाऱ्याच्या म्हशीला विचारा. आणि बोलता बोलता एक हरभऱ्याएवढी गोचीड त्यांच्या धोतरावरून फिरायला निघाली होती. शेजाऱ्याने अर्थात आजोबांच्या म्हशीकडे बोट दाखवलं. माझ्या फॉर्मांवर विश्वास ठेवायचा तर तापीकाठच्या एकाही गोठ्यात गोचीड नाही, सगळ्या शेजारच्या गोठ्यात आहेत.

खकनारच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जेवायला बोलावतात. तिथे आम्ही चाळीस नमुने घेतले. महिन्याभराने प्रत्येक घरी एक कार्ड पोचवलं: अमुक माणूस, अमुक वय, रक्तात निशाणी आहे किंवा नाही. सात-आठ महिन्यांनी त्याच माणसांचं रक्त पुन्हा घ्यायचं होतं, म्हणजे मधल्या काळात कोणाला नव्याने लागण झाली ते कळावं.

दुसऱ्या फेरीला आम्ही एकतीस नंबरच्या घरी गेलो. नाव वैशाली, वय चोवीस, कार्डावर निशाणी आहे. वैशाली खाटेवर पडून होती. सहा दिवस अंगात ताप, डोळे लाल, बोलायचं त्राण नाही. सात-आठ महिन्यांचं तान्हं सासूच्या, गिरजाबाईंच्या, कडेवर. गिरजाबाई म्हणाल्या, बाजारातल्या डॉक्टरला दाखवलं, मी हे कार्डपण दाखवलं, तर तो बोलला की ही निशाणी जुनी आहे, हा ताप त्यातला नाही, साधा आहे, उतरेल.

भाऊंनी सवयीने वैशालीचा हात हातात घेतला. रक्त काढायला नव्हे, नुसता. अंगठा कोपरावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी दुसरा हात पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"ही शीर माझ्या ओळखीची नाही. मागच्या टाइमाला हिचं रक्त मी नाही काढलं," ते म्हणाले. "कोणी दिलं?"

गिरजाबाई जराही गडबडल्या नाहीत. "मी दिलं ना, भाऊ. ती बाळंतीण होती तवा, अंगात रक्त कुठं होतं तिच्या? चिठ्ठीत तिचं नाव निघालं, तर तिच्या वाटचं मी दिलं. घर तर एकच आहे."

किती मायेने सांगत होत्या! सुनेवरचा एक भार आपण उचलला, याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. पहिल्या फेरीच्या दिवशी त्या पदर ओढून ओट्यावर बसल्या, मी मान खाली घालून चोवीस लिहिलं, भाऊंनी फक्त हात पाहिला. मुलगी लहान वयात सून होते आणि पंचेचाळिशीच्या आत सासू होते. केळीच्या बागेत राबणारा हात चोविसाचा काय आणि चव्वेचाळिसाचा काय, सारखाच खरबरीत. निशाणी गिरजाबाईंच्या रक्तात होती. वैशालीचं रक्त तर कोणी तपासलंच नव्हतं, आणि त्या कार्डाच्या भरवशावर तिला घरी पाठवलं होतं.

भाऊंनी गिरजाबाईंना विचारलं, सुनेच्या अंगावर कुठे विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग आहे का बघा. त्या आत पडदा करून बघून आल्या. कमरेपाशी होता, परकराच्या नाडीखाली. गवतातल्या त्या किड्याची ती खूण. भाऊंनी बर्फाची पेटी उतरवून ओसरीवर ठेवली, जीपची मागची सीट मोकळी केली आणि वैशालीला, बाळाला, गिरजाबाईंना बसवलं. बुऱ्हाणपूरपर्यंत जीप अशी धावली की रस्त्यातले खड्डे आम्हाला वाट द्यायला बाजूला झाले. एरवी मी या प्रवासाचं तासभर वर्णन करतो. खरं सांगायचं तर भाऊ वाटभर ओला रुमाल तिच्या कपाळावर धरून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी डाग पाहिला आणि तपासणीच्या निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. औषध साधं, जुनं, कुठल्याही दुकानात मिळणारं. तिसऱ्या दिवशी वैशाली उठून बसली आणि सासूला म्हणाली, "बाई, आता माझ्या वाटचं जेवण तुम्हीच जेवून घ्याल का?" गिरजाबाई पदरात तोंड लपवून हसल्या आणि मग तशाच रडल्या.

आता खरी पंचाईत. भाऊंनी गावात फिरून विचारलं, तर आणखी आठ घरांत हेच निघालं. कोणी सुनेसाठी, कोणी म्हाताऱ्या वडलांसाठी, सगळ्यांनी प्रेमाने आपलं रक्त दुसऱ्याच्या नावाने दिलेलं. भाऊंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मी म्हटलं, गप्प बसा, गोठा एक, गवत एक, गोचीड एक, काय फरक पडतो? ते म्हणाले, "फरक वैशालीला विचारा." आणि सरळ आमच्या प्रमुख मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

मॅडम रागावल्या नाहीत. नऊ नमुने बाद केले, नऊ कार्डं परत मागवली. पण अहवालाच्या मसुद्यात त्यांनी लिहिलं की काही गावकऱ्यांनी खोटी ओळख सांगितली. ते वाक्य मी भाऊंना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले. मी आठवडा म्हणून सांगतो, प्रत्यक्षात तीन तास. आत बोलावल्यावर एवढंच म्हणाले, "मॅडम, खोटं कोणी नाही बोललं. आपण विचारलंच नाही. गिरजाबाई माझ्या समोर बसली होती, मी मान वर नाही केली. चूक छापा, पण माझ्या नावाने छापा." मॅडम म्हणाल्या की अहवालात असं कोणाचं नाव घालत नाहीत. भाऊ म्हणाले, मग मी इथेच बसतो.

उरलेल्या चार महिन्यांत त्यांनी दिवसाला जेमतेम दहा नमुने घेतले. आधी माणसासमोर बसायचं, नाव विचारायचं, घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची, चहा प्यायचा, मग सुई. मी कुरकुर करायचो. ते ऐकायचे नाहीत.

अहवाल छापून आला तोवर भाऊ निवृत्त होऊन अंथरुणाला खिळले होते. बुधवाऱ्यातल्या त्यांच्या खोलीत मी तो घेऊन गेलो. एका पानावर चार ओळी होत्या, त्या मी इंग्रजीतून मराठीत करून वाचल्या: एका गावातले नऊ नमुने वगळले आहेत. ते घरातल्या दुसऱ्या माणसांनी आपुलकीपोटी दिले होते. नमुना घेताना समोरच्या व्यक्तीची ओळख पटवली गेली नाही. ही चूक नमुना घेणारे भास्कर चौधरी यांनी स्वतः शोधली आणि कळवली.

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. "मास्तर," ते म्हणाले, "यात तुमच्या मनाचं काही घातलं तर नाही ना?"

मी म्हटलं, एक शब्द नाही.

"मग परत वाचा."

मी परत वाचलं. त्यानंतर ते नऊ दिवस होते, आणि त्या नऊ दिवसांत मी रोज वाचलं.