बोटाखाली न सरकणारी गाठ

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, देवाजवळही नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून जमेल कदाचित.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कोणी पंजाबी, कोणी बंगाली, कोणी तेलुगू. नवरा ड्युटीवर गेला की मराठीत दोन शब्द बोलायला एकच माणूस — शेजारच्या क्वार्टरातली शेवंता. मी दवाखान्यात ड्रेसिंग करायचे. सकाळी जखमा, दुपारी शेवंता. एवढंच माझं जग.

एका दुपारी तिनं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. "दुखत नाही बाई. नुसती हाताले लागते."

गाठ होती, कडक. बोटाखाली सरकत नव्हती, वरची कातडी किंचित आत ओढलेली. मला कळलं का? — कळलं. डॉक्टर नर्सना समजावत, तेव्हा मी ट्रे धरून उभी असायचे. मऊ, हलणारी गाठ बहुधा साधी. कडक, रुतून बसलेली, न दुखणारी — ती लगेच नागपूरला पाठवायची. तिथे तुकडा काढून तपासतात, मगच खरं कळतं. बायका मात्र उलटंच धरून चालत — दुखत नाही, म्हणजे भ्यायचं कारण नाही. आणि मी?

मी म्हणाले, "दुखत नाही ना? मंग साधी हाय. नागपूरले कायले जातं?"

का म्हणाले? नागपूरच्या वाटेवर भंडारा, तिचं माहेर. एकदा गेली की तिकडचे ठेवून घेतील — मला तेवढंच दिसलं. मी एकटी पडेन. बस, एवढंच.

मग आंबेहळदीचा कोमट लेप रोज मीच लावायचे. ती डोळे मिटून गावाकडच्या गमती सांगायची, मी पोट धरून हसायचे. गाठ वाढतेय हे माझ्या बोटांना कळत होतं — तरी लावत राहिले.

काखेतही गाठी आल्या, तेव्हा तिच्या नवऱ्यानं तिला नागपूरला नेलं. निघताना माझ्या गळ्यात पडली. "बाई, तुमी होत्या म्हणून मले धीर होता." मी तिची पाठ थोपटली. तेव्हाही — तेव्हाही बोलले नाही.

फार उशीर झाला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ती परत आली नाही. बाईनं सख्ख्या बहिणीसारखं केलं, असं सगळी ओळ म्हणाली. मी मान खाली घालून ऐकलं.

आणि खरं सांगू? भिलाईतले माझे सुखाचे दिवस तेच होते — ती मरत होती ते.