नकाशावरचा लाल ठिपका

मंडळी, आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवते. आमच्या म्हसावदला एक मावशी चिंचेखालून जायला घाबरायची, तिला मी विचारलं होतं, "चिंच तुला ओळखते तरी का?" त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण पोटात ठेवून झोप लागत नाही.

मी अक्कलकुव्यात वेबसाइट बनवते. बाजारात एक छोटा गाळा आहे, आई दिवसभर सोबत असते. गेल्या उन्हाळ्यात रामसिंगभाऊ आले. डोंगरात नर्मदेचं बॅकवॉटर पसरलंय, तिथं त्यांची होडी चालते, पर्यटकांसाठी वेबसाइट हवी होती. काम सोपं - चार फोटो, फोन नंबर आणि होडी कुठं मिळेल ते दाखवणारा नकाशा. वेबसाइटला नकाशा जोडून देणाऱ्या प्लगइनला एपीआय की लागते, म्हणजे नकाशा पुरवणाऱ्या कंपनीकडून मिळणारी अक्षर-आकड्यांची लांबलचक किल्ली. ती टाकली, जागा दाखवणारी पिन किनाऱ्यावर बसवली आणि घरी गेले.

सकाळी पिन पाण्यात! किनाऱ्यापासून चांगली दीड-दोन किलोमीटर आत.

परत किनाऱ्यावर आणली, दुपारी पुन्हा पाण्यात. की बिघडली असेल म्हणून ती काढून दुसरी बनवली, फक्त याच वेबसाइटवर चालेल अशी बांधून घेतली. पिन आणखी आत गेली. तोवर रामसिंगभाऊंनी ते मोबाइलवर पाहिलं होतं. मिळेल त्या जीपने आले.

"ताई, तुला कोणी सांगितलं?" डोंगरातली माणसं लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"काय सांगितलं?"

"माझी सुमी तिथं आहे ते."

तेव्हा कळलं. तीन वर्षांपूर्वी त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याच होडीतून पडली होती. देह सापडलाच नाही. बायको अजून तिच्या वाटची भाकर काढून ठेवते.

"मला तिला माती द्यायचीय," ते म्हणाले. "बाकी काही नको."

मी फटकारलं, "अहो, ही मशीनची चूक आहे. आत काही देव बसलेला नाही." ऐकतील तर शपथ. लोखंडी आकडा घेऊन पिनच्या जागी गेले, हाती गाळ आला. मी तिसरी की टाकली, पिन अजून खोलात गेली, आणि तिच्यामागे रामसिंगभाऊही. पंधरा दिवस हाच खेळ. एकदा वाऱ्यात होडी उलटता उलटता राहिली. रोज सकाळी फोन - "ताई, आज कुठं आहे?" खरं लिहिते, मला दया कमी आणि वैताग जास्त येत होता.

शेवटी तिन्ही की डिलीट केल्या, प्लगइन उपटून टाकलं. नकाशाचं साधं चित्र चिकटवलं आणि त्यावर माउसने लाल ठिपका काढला, होडीच्या जागेवर. त्याखाली गावाचं नाव झाकलं जात होतं म्हणून जरा डावीकडे सरकवला... तेवढंच कारण. मग फोन केला, "नवी किल्ली मिळाली. सुमी इथं आहे, काठालाच."

उन्हाळ्याने काठाला पाणी कमरेएवढंच उरलं होतं. काही सापडणार नाही, मग बसतील गप्प, असं मी धरून चालले होते.

आई ऐकत होती. पोर गमावलेल्या माणसाशी खोटं बोलणं तिला रुचलं नाही, ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "पोर गमाडेल मानूसले खोटं सांगी ऱ्हायनी तू?"

"मंग काय करू? तो मरी जाई तठे."

"पन खोटं तुन्हं शे. ते तुलेच फेडनं पडी."

चौथ्या दिवशी दुपारी रामसिंगभाऊ आले. बसले नाहीत. रुमालाची गाठ सोडून त्यांनी माझ्या कीबोर्डवर एक छोटा चांदीचा वाळा ठेवला. पाण्याने काळा पडला होता.

"काठाला बुडालेल्या सागाचं खोड आहे," ते म्हणाले. "त्याच्या मुळात अडकली होती. तुझा ठिपका होता तिथंच." मग म्हणाले, "तीन वर्षं मी त्याच खोडाला होडी बांधतो, ताई. रोज तिच्यावर उभा राहून बांधतो."

मी कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

"तुला ठाऊक होतं, तर मला पंधरा दिवस खोल पाण्यात का पाठवलं?"

खरं सांगायचं, तर तुमची कटकट टळावी म्हणून खोटं बोलले, असं सांगावं लागलं असतं. माझ्याने झालं नाही. आई माझ्याकडे बघत होती.

"किल्ली उशिरा मिळाली, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, वाळा पुन्हा रुमालात बांधला. सुमीला माती दिली, असं नंतर कळलं.

पिना का सरकत होत्या, ते या धंद्यातल्या जाणत्यांना विचारलं, कोणालाही सांगता आलं नाही. ते एक वेळ सोडून देते. पण तो ठिपका कुठल्या कीने काढलेला नव्हता, माझ्या हाताने काढला होता... आणि ती जागा मी आजवर पाहिलेली नाही.

रामसिंगभाऊ आता होडी दुसरीकडे बांधतात. नकाशात जागा बदल म्हणून त्यांचे दोन फोन येऊन गेले. 'करते, भाऊ' म्हणते आणि करत नाही. ठिपका हलवला तर कुठं जाऊन बसेल आणि त्याखाली कोण असेल, याची मला भीती वाटते.